सात गेले, सहा आले

केवळामावशी घरी आल्या की आधी माणसांकडे बघत नसत. उंबऱ्यातच थांबून नाकाने दोनदा हवा ओढायच्या. मग परसातल्या चुलीकडे, मग स्वयंपाकघरातल्या गॅसकडे, मग देवापुढच्या निरांजनाकडे आणि सगळ्यात शेवटी आमच्याकडे. आमच्याकडे बघतानाही नजर तीच, यातलं कोण केव्हा पेट घेईल याचा नेम नाही अशी. विझलेली काडी त्यांनी कधी तशीच फेकलेली मी पाहिली नाही. आईला त्यांनी ओट्यावर एका चेपलेल्या वाटीत पाणी ठेवायला लावलं होतं. काडी त्या वाटीत बुडवायची आणि वर बोटाने दाबून धरायची. एकदा आई हसून म्हणाली की अहो, विझली की ती केव्हाच. त्यावर मावशी म्हणाल्या, "इझलेल्याचाच भरोसा न्हाई बाई. पेटलेलं दिसतं तरी."

हिंगोलीजवळच्या आमच्या गोरेगावात बाळंतिणींना आणि लेकरांना न्हाऊ घालायचं, तेल लावायचं, शेक-धुरी द्यायची हे त्यांचं काम. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा त्यांची माझी गाठ पडली. बाळंतपण हिंगोलीला दवाखान्यात झालं आणि सहाव्या दिवशी बाळाला घेऊन मी जीपने गोरेगावला आले. मी हिंगोलीत एका शाळेत विज्ञान शिकवते. ज्वलनाचा धडा दरवर्षी शिकवते, फळ्यावर ज्योतीची आकृती काढते, तीन रंगांचे खडू वापरते. डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं की शेगडी, धूर वगैरे काही नको. पण घरी आई होती आणि सेनगावहून खास आलेली आत्या होती. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडील गेल्यापासून आमच्या घरातला शेवटचा शब्द तिचाच. दोघींपुढे माझं विज्ञान सव्वा महिन्याच्या रजेवर गेलं.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. बाळंतीण सुंभाच्या बाजेवर निजते. बाजेवर एक पातळ गोधडी तेवढी. खाली निखाऱ्यांची शेगडी सरकवतात, निखाऱ्यांवर ओवा, शेपा, लसणाची सालं टाकतात आणि बाजेवरून लुगड्याचा पडदा सोडतात. दार बंद, खिडकी बंद, कारण बाळंतिणीला वारं लागू नये. खालून पाठ भाजून निघते आणि डोळ्यांतून पाणी येतं. सगळ्या बायका सांगतात की छान वाटतं, आणि खरं सांगायचं तर पाठीला छानच वाटतं.

निखाऱ्याला मावशी इंगळ म्हणत. परसातल्या चुलीवर न्हाणीचं पाणी तापलं की त्या बाभळीचे इंगळ चिमट्याने एकेक उचलून शेगडीत ठेवत. प्रत्येक लिंबाएवढा, ना लहान ना मोठा, आणि बरोबर सात. ठेवताना ओठ हलत. शेक झाला की शेगडी परसात न्यायची, पुन्हा एकेक इंगळ उचलायचा, पाण्याच्या घमेल्यात सोडायचा, पुन्हा ओठ हलवायचे. शेवटी कुणाकडेही न बघता म्हणायचं, "सात गेले, सात आले." मगच त्या हात धूत. लेकरू केकाटत असलं तरी हे आधी.

खिडकीवरून त्यांचं आणि आत्याचं रोज एक युद्ध व्हायचं. मावशी शेक सुरू असताना खिडकी वीतभर उघडी ठेवत. आत्या ती लावून घेई. मावशी न्हाऊ घालायच्या निमित्ताने जाता जाता ती पुन्हा उघडत. तोंडाने कुणी काही बोलत नसे. आत्याचं म्हणणं होतं की हिला बाहेरून आत बघायचं असतं. मावशींचं म्हणणं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "धुराला बाहीर जायची वाट ठिवावी. न्हाई त तो मानसाला घेऊन जातो."

तसल्या म्हणी त्यांच्याकडे पुष्कळ होत्या. "जाळ तोंडावर बोलतो, इंगळ पाठीमागं," ही त्यातलीच. पण माझी जिरली ती दुसऱ्याच वाक्याने. गॅसची नवीन टाकी आली की आई रेग्युलेटर बसवून त्याच्याजवळ पेटती काडी फिरवायची. कुठे गळत असेल तर भुर्रकन पेटेल आणि कळेल, असा हिशेब. आमच्या गल्लीत अर्ध्या बायका असंच करतात. मावशींनी ते पाहिलं आणि आईचं मनगटच धरलं. म्हणाल्या, "चोर घरात हाय का ते बघायला चोरालाच आत धाडतीस व्हय?" मग साबणाचा फेस करून त्यांनी नळीला फासला आणि बुडबुडा येतो का ते डोळे बारीक करून बघत बसल्या. हा फेसाचा प्रयोग मी मुलांना वर्गात शिकवते. आईला शिकवायचं मला कधी सुचलं नव्हतं.

त्या दिवशी मला त्या फार आवडल्या. दुसऱ्याच दिवशी आत्या बाजेच्या कडेला येऊन टेकली आणि तिने माझ्या कानाशी तोंड आणलं. केवळाने सून जाळली, ती सांगत होती. पुसेगावाकडच्या कुठल्याशा खेड्यात तिचं घर होतं. सून बाळंतीण होती, खोलीत जळून मेली. पोलीस आले, नेलं, सोडलं. मुलगा केवळाला टाकून गेला आणि ही इकडे येऊन राहिली. "अन् ते मोजनं बघितलंस का?" आत्या म्हणाली. "तोंडातल्या तोंडात काय म्हनती ते? सरळ बाई इंगळ मोजल काहून?"

करणीवर माझा विश्वास नव्हता. सून जाळण्यावर मात्र होता, कारण ते पेपरात येतच असतं. आईला विचारलं तर ती म्हणाली की लोक म्हणतात खरं, पण गावात तिच्याइतका हलका हात कुणाचा नाही. हे ऐकून मला बरं वाटायच्या ऐवजी जास्तच भीती वाटली.

त्या दिवसापासून मी पहारा सुरू केला. त्या माझ्या मुलीला पायांवर आडवं घेऊन तेल चोळत तेव्हा मी त्यांच्या बोटांकडे बघायची. त्या पाण्यात कोपर बुडवून ऊन किती ते बघत आणि मला वाटे की हे बघणं फार लांबतंय. शेगडी माझ्या पाठीखाली सरकवली की मी कुशीवर वळून पडद्याच्या फटीतून त्यांचे हात बघायची. त्यांनाही ते कळलं असणार. आयुष्यभर लोकांनी असंच बघितल्यावर माणसाला पाठीलाही डोळे फुटतात. माझ्याशी दोन गोष्टी बोलायच्या त्या बोलेनाशा झाल्या, आणि मला वाटलं, बघा, मनात काहीतरी आहेच.

मुलगी तेरा दिवसांची झाली त्या सकाळची गोष्ट. आईने आमच्याच शेतातल्या कापसाची जाड गादी माझ्यासाठी भरून घेतली होती. शेकाच्या वेळी ती गुंडाळून बाजेलगतच्या भिंतीशी उभी करत, शेक झाला की बाजेवर पसरत. दिवसभर मी आणि मुलगी त्याच गादीवर. त्या दिवशी मावशी लेकराला घेऊन न्हाणीत गेल्या होत्या आणि मी बाजेवर होते. आत्याला वाटलं की शेक मंद झाला. तिने पडदा वर सारून ओव्याची मूठ टाकली, पुठ्ठ्याने जोरजोरात वारा घातला, चिमट्याने इंगळ खालीवर केले. तडतड आवाज झाला, ठिणग्या उडाल्या. आत्या खूश झाली. शेक संपल्यावर तिनेच गादी पसरली आणि मी तिच्यावर आडवी झाले. मावशींनी न्हाऊन गुंडाळलेलं लेकरू आणून माझ्याजवळ ठेवलं आणि शेगडी परसात नेली.

दोन मिनिटांत त्या परत आल्या. हात ओले होते. "सात गेले, सहा आले," त्या म्हणाल्या.

आत्या म्हणाली की इंगळ म्हणजे काय दागिना आहे का, जळून राख झाला असेल. मावशी म्हणाल्या की राख चाळून आले, बाभळीचा इंगळ इतक्या लवकर सरत नाही, थोडं तरी काळं मागे ठेवतो. मग त्यांनी मला हात धरून उठवलं, लेकरू आईच्या हातात दिलं आणि आम्हाला ओसरीवर घालवलं. बाज उलटी केली. गोधडी झटकली. पडदा, टोपडी, दुपटी, माझ्या कपड्यांची पिशवी, सगळं जमिनीवर पसरून तळहाताने चाचपलं. इंगळ कुठे सापडला नाही. मग त्या गादीपाशी आल्या. गादी शेकाने सगळीकडूनच कोमट होती. धूर नव्हता, डाग दिसत नव्हता. त्यांनी नाक लावून वास घेतला, पण खोलीभर ओव्याचा वास होता.

त्या गादी ओढत बाहेर नेऊ लागल्या तेव्हा आत्याने दुसरं टोक धरलं. ओली बाळंतीण नुसत्या सुंभावर निजणार का, असं ती विचारत होती, आणि तेही बरोबरच होतं. दोघी दोन टोकांनी गादी ओढत होत्या. एकाएकी मावशींनी टोक सोडलं, न्हाणीत गेल्या, उरलेल्या पाण्याची बादली उचलून आणली आणि अख्खी त्या नव्या गादीवर ओतली. मग दुसरी आणली आणि तीही ओतली. म्हणाल्या, "कापूस बोलत न्हाई माय. आतल्या आत जळतो."

आई रडायला लागली. तो कापूस तिने स्वतः वेचला होता. आत्याने तोंड सोडलं. ती काय काय म्हणाली ते लिहीत नाही, पण शेवटी सुनेचं नाव निघालंच. मावशी रिकामी बादली हातात धरून उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. मी काहीतरी बोलावं असं त्यांना वाटत असावं. मी बोलले. मी म्हणाले, "मावशी, उद्यापासून तुम्ही येऊ नका."

त्यांनी बादली जागेवर ठेवली. "बरं," म्हणाल्या. दारापर्यंत जाऊन मागे वळल्या. "दुसरी लावशील त तिला मोजायला सांग."

दुसरी बाई आली. हसतमुख, बोलकी. तिने पहिल्याच दिवशी घमेल्याने इंगळ शेगडीत ओतले. किती ते तिलाही माहीत नव्हतं. आत्या निर्धास्त झाली. मी मात्र बाजेवर पडल्या पडल्या फटीतून मोजायला लागले, आणि मला ते जमेना, कारण इंगळ एकावर एक पडलेले असत. मला त्या बाईचा संशय येत नव्हता आणि झोपही येत नव्हती. तिसऱ्या दिवशी डोकं दुखतं म्हणून मी शेक बंद करायला लावला. खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मावशींचं बरोबर होतं असं कबूल केल्यासारखं झालं असतं.

गादी अंगणात वाळत पडली होती. जाड गादी ती, वरून वाळली तरी आत ओलीच. आठवडाभराने तिला कुबट वास यायला लागला, तेव्हा आईने कापूस पिंजून घ्यायचं ठरवलं. पिंजारी चाचा दर हंगामाला यंत्र टेम्पोत घालून येतात. त्यांनी अंगणातच गादीची शिवण उसवली, हात आत घातला आणि थांबले. मग दोन्ही हातांनी कापूस बाजूला केला. पांढऱ्या कापसाच्या मधोमध नारळ मावेल एवढी काळी पोकळी होती. तिच्या भिंती तपकिरी, चिकट आणि ओल्या. तळाशी सुपारीएवढा एक कोळसा. शिवणीच्या घडीत दडलेलं एक भोक होतं, लिंबू जाईल एवढं.

चाचांनी तो कोळसा तळहातावर घेतला. "पानी किसने डाला इसपे?" त्यांनी विचारलं. "जिसने भी डाला, उसकू दुआ देव. ये अंदर अंदर शाम तक सुलगता, और फिर एकदम भडकता."

मी ओसरीवर लेकराला मांडीवर घेऊन बसले होते. जिथे ती काळी पोकळी होती ते गादीचं उशाकडचं टोक होतं. तिथे मी माझ्या मुलीला निजवत असे. आत्या उठून आत गेली. मी मुलीला आईजवळ दिलं, डोक्याला फडकं बांधलं आणि चपला घातल्या. सव्वा महिना व्हायचा होता. एरवी आत्याने मला उंबरा ओलांडू दिला नसता. त्या दिवशी तिने आतूनच सांगितलं की उन्हाची जाऊ नको, पदर घे.

सेनगावच्या जीपा थांबतात त्याच्या मागे मावशींची एक पत्र्याची खोली होती. चूल आत नव्हती. बाहेर उघड्यावर होती आणि तिच्याभोवती हातभर जमीन सारवून मोकळी ठेवलेली. मला बघून त्यांनी आधी विचारलं, "लेकरू कुठं हाय?" आईजवळ, मी सांगितलं. "अन् शेगडी?" बंद केली, म्हणाले. मग मी गादीचं सांगितलं. मी रडत होते, त्या रडत नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं की इंगळ केवढा उरला होता. सुपारीएवढा म्हटल्यावर मान हलवून म्हणाल्या, "मंग बराबर. सातवा तोच."

माफी मागायला गेले होते, ती मागितली. त्यावर त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. निघायला उठायच्या आधी मी ते विचारलं, जे आत्याने कानात सांगितलं होतं. विचारायला नको होतं असं आता वाटतं, पण विचारलं.

त्या चुलीकडे बघत बोलल्या. "मंगल तिचं नाव. बारा दिसाची बाळंतीन होती. शेगडी मीच ठिवली होती. मोजले न्हाईत. कोन मोजतंय? शेक झाला, शेगडी काढली, गादी टाकली, वारं लागू नये म्हनून दार-खिडकी लावून घेतली अन् मी शेतात गेले. लेकरू रडत होतं म्हनून शेजारनीनं नेलं होतं, त्येवढं राहिलं. आता त्याच्या आजोळी हाय. मला दाखवत न्हाईत."

मी म्हणाले की मग तुम्ही लोकांना खरं का नाही सांगितलं, मी जाळली नाही म्हणून.

"शेगडी कोनाची? इंगळ कोनी ठिवले?" त्या म्हणाल्या. "मंग न्हाई कसं म्हनू?"

मी विचारलं की एवढं झाल्यावर हेच काम का करता, दारोदार शेगड्या का ठेवता. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, वर्गात एखाद्या मठ्ठ पोराकडे मी बघते तसं. म्हणाल्या, "मी न्हाई म्हनलं त शेक बंद होतो व्हय? दुसरी बाई येती. ती मोजत न्हाई."

मी घरी आले. आत्याने त्यांना परत बोलवायला निरोप धाडला, पण तोवर त्या गावातल्या दुसऱ्या बाळंतिणीकडे लागल्या होत्या, तिथे चौथा दिवस होता. आत्या पुढे सेनगावला आपल्या नातसुनेच्या बाळंतपणाला गेली तेव्हा तिथल्या बाईला विचारत होती म्हणे, इंगळ मोजलेस का. आणि मी ज्वलनाच्या धड्याला आता तीन रंगांचे खडू नेत नाही. पोरांना विचारते की तुमच्या घरी विझलेली काडी कुठे टाकतात, आणि सगळा तास त्यातच जातो.

केवळामावशी गेल्या वर्षी गेल्या, साध्या तापाने. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते माझ्या दुसऱ्या बाळंतपणात. या खेपेला मी आधीच सांगून ठेवलं होतं की शेगडी येणार नाही. गरम पाण्याची पिशवी येईल, खिडकी उघडी राहील आणि न्हाऊ घालायला केवळामावशीच येतील. त्या आल्या. गुडघे गेले होते, भिंतीला धरत आल्या. उंबऱ्यात थांबून दोनदा हवा ओढली. शेगडी कुठे आहे, त्यांनी विचारलं. नाही, मी म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नाही. दारामागे बघितलं, परसात जाऊन आल्या, बाजेमागे बघितलं. आत्या कोपऱ्यात बसली होती, ती हळूच म्हणाली, "न्हाई केवळा. खरंच न्हाई ठिवली."

मावशी बाजेशेजारी कशाबशा खाली बसल्या. हात बाजेखाली घातला, माझ्या पाठीच्या बरोबर खाली, आणि तळहात जमिनीवर टेकवला.

"गार हाय," त्या म्हणाल्या.

मी वाट बघत होते की त्या आता हात काढतील आणि लेकरू मागतील. त्यांनी बराच वेळ हात तिथून काढला नाही.